सातवा तपस

तिन्ही कार्डं टेबलावर पालथी पडली होती. चहा ओतून होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा अण्णांचा नियम. अण्णा जाऊन आठ वर्षं झाली. तेवढ्या काळात कार्यालयाच्या छपराचे पत्रे बदलले, टेबलाचा एक पाय बदलला, पण हा नियम बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. कार्यालय म्हणजे तरी काय, पाणथळीच्या कडेची एक खोली, दोन खिडक्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीभर नकाशा. त्या नकाशाला आजवर इतक्या टाचण्या टोचल्या होत्या की उजेडात धरला असता तर चहा गाळता आला असता.

"उघडा आता," पंपवाला म्हणाला. "चहा गार होईल आणि पक्षी उडून जातील."

"कार्डावरचे पक्षी कुठे उडतायत," मोजणीदाराची बायको म्हणाली आणि तिने पहिलं कार्ड उलटलं.

हिवाळा सरत आला होता. पाण्यावरची बदकं अस्वस्थ झाली होती. उगाच उठायची, एक फेरी मारून परत बसायची, घर सोडायच्या दिवशी माणसं या खोलीतून त्या खोलीत फिरतात तशी. गेल्या वर्षीचं पाणकणीस वाळून पिवळं पडलं होतं आणि वारा आला की कागद चुरगळल्यासारखं वाजायचं. दरवर्षी याच सुमाराला तपसांची मोजणी सुरू व्हायची.

तपस हा बगळ्याच्याच कुळातला, पण बगळ्याला जितकी मिरवायची हौस तितकी याला लपायची. रंग वाळक्या पाणकणसाचा. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून असा ताठ उभा राहतो की दोन हातांवरूनही दिसायचा नाही. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मोजणीदाराने तो अकरा वेळा पाहिला होता, आणि त्यातल्या दोन वेळांबद्दल त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. म्हणून तपस कानांनी मोजतात. थंडीच्या शेवटी नर ओरडायला लागतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर घातली तर जो आवाज येतो तसाच, पण इतका खोल की कानाच्या आधी छातीला कळतो. दर रविवारी पहाटे तिघं तीन ठिकाणी उभे राहायचे: मोजणीदार बांधावर, बायको लाकडी मनोऱ्यावर, पंपवाला पंपघराच्या पायरीवर. आवाज आला की होकायंत्रावर दिशा बघायची, कार्डावर अंश आणि वेळ लिहायची. एकमेकांशी बोलायचं नाही. मग कार्यालयात येऊन नकाशावर प्रत्येकाने आपापल्या जागेपासून दोरा ताणायचा. दोरे बायकोच्या शिवणाच्या डब्यातले; तिचा लाल, त्याचा निळा, पंपवाल्याचा पिवळा. तीन दोरे कधीच नेमके एका टिंबावर मिळत नाहीत, मध्ये बारीकसा त्रिकोण उरतो. त्याला अण्णा घरटं म्हणायचे. त्या घरट्यात टाचणी टोचली की झाला एक पक्षी.

तिघांतल्या दोघांनी ऐकला तरी तो धरायचा, असा नियम होता. पण तशी वेळ फारशी यायची नाही.

त्या रविवारी सहा घरटी झाली. सहा टाचण्या लागल्या. मोजणीदाराने निळ्या दोऱ्याचं रीळ गुंडाळायला घेतलं.

"थांबा ना," बायको म्हणाली. "माझ्याकडे सात आहेत."

"माझ्याकडेही सात," पंपवाला म्हणाला.

मोजणीदाराने आपलं कार्ड पुन्हा पाहिलं. सहाच ओळी होत्या. बायकोने लाल दोरा ताणला, पंपवाल्याने पिवळा. दोरे पश्चिमेकडच्या पाणकणसावरून गेले आणि मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एकमेकांना छेदले. तिथे नकाशावर कागदाचा एक छोटासा तुकडा चिकटवलेला होता, नखाएवढा. टाचणी त्या तुकड्यातून अलगद आत गेली. खाली भोक आधीपासूनच होतं.

"अगंबाई," बायको म्हणाली. "ही तर जुन्या सातव्याची जागा."

तो कागदाचा तुकडा मोजणीदाराने स्वतः चिकटवला होता. आणि त्या जागी कधीही, एकदाही, कुठलाही पक्षी नव्हता, हे जगात फक्त त्याला माहीत होतं.

नऊ वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं. तपसाचे निदान सात नर असतील तरच पश्चिमेचं पाणकणीस राहील. कमी असतील तर ते खणून तिथे पाण्याचा साठा करण्यात येईल. मोजून सहाच भरत होते. त्या वर्षी तिसरा माणूस नव्हता; ऐकणारे दोघंच, बांधावर तो आणि मनोऱ्यावर अण्णा. अण्णा म्हणजे त्याचे सासरे. एकतीस वर्षं मनोऱ्यावर उभे राहिलेले आणि त्यांच्या कानातून एक बेडूकही सुटला नव्हता. पण नियमात एक पळवाट होती: एकाच माणसाने दोन वेगळ्या सकाळी दोन वेगळ्या ठिकाणांहून ऐकला तरी पक्षी धरता येत होता. मोजणीदाराने दोन कार्डं भरली. दोन खोट्या दिशा लिहिल्या. त्या कुठे छेदतील ते आधी नकाशावर बघून ठेवलं होतं. पाणकणीस वाचलं, त्याची नोकरी पक्की झाली, आणि वाईट कुणाचंच झालं नाही.

म्हणजे त्याला तसं वाटलं होतं. अण्णा नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. सातवी टाचणी त्यांच्या मनोऱ्याच्या सगळ्यात जवळ होती. "मला नाही रे ऐकू आला," ते म्हणाले. "पण तू लिहिलायस म्हणजे असणार." मग ते रोज पहाटे मनोऱ्यावर जायला लागले. कानामागे हात धरून, कठड्यावरून निम्मे बाहेर वाकून ऐकायचे. तीन आठवडे गेले. एके दिवशी त्यांनी होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माझे कान गेले." पुन्हा ते मनोरा चढले नाहीत. घरातही कुणी काही विचारलं तर आधी समोरच्याच्या ओठांकडे बघायचे. सगळे त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलायला लागले. मोजणीदारसुद्धा. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याने तेव्हा उच्चारलं नाही आणि नंतर ते दरवर्षी जड होत गेलं. अण्णांनंतर मनोऱ्यावर त्यांची लेक उभी राहायला लागली, त्यांच्याच कानांची. सातवा पुन्हा आला नाही अशी त्याने नोंद केली, टाचणी काढली, भोकावर कागद चिकटवला. दरवर्षी सहाच भरत राहिले आणि वर्षांमागून वर्षं गेली. वरून कुणी काही विचारलं नाही. यंदा पुन्हा तेच पत्र आलं होतं, महिनाअखेरपर्यंत आकडा कळवा म्हणून.

"पाणकणीस वाचलं!" पंपवाला म्हणाला. "मोजणीदार, तोंड असं का केलंय? चहात माशी पडली का?"

"तुम्हाला नाही ऐकू आला?" बायकोने विचारलं. तिचा आवाज मऊ होता. त्या मऊपणानेच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

हिला कळलंय, त्याच्या मनात आलं. कुठून तरी कळलंय, आणि दोघं मिळून आपला खेळ मांडतायत.

ती दोघं गेल्यावर त्याने दार लावून लोखंडी कपाट उघडलं. किल्ली एकच होती आणि ती त्याच्या खिशात असायची. जुन्या कार्डांचा गठ्ठा तळाशी होता, त्याला रबर लावलेलं. त्याने बोट लावताच रबराचे तुकडे झाले. इतकं वाळलेलं रबर काढून पुन्हा लावणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. दोन्ही खोटी कार्डं जागच्या जागी होती. ती त्याने बघितली, परत ठेवली, हात पुसले. कपाटातून कळलेलं नाही, एवढं नक्की झालं. मग कशावरून? झोपेत आपण बरळतो का? घरी जेवताना तो बायकोकडे बघत राहिला. ती नेहमीसारखीच जेवत होती, आणि त्याला तेसुद्धा संशयास्पद वाटलं.

"एकदा कान दाखवून या," ती म्हणाली. "अण्णांनी उशीर केला. तुम्ही तरी करू नका."

तो दाखवून आला. डॉक्टरांनी कानाला यंत्र लावलं, बारीक आवाज, जाड आवाज, सगळं तपासलं. कान वयाच्या मानाने उत्तम होते. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला ऐकू येतं. प्रश्न काय आहे?"

दुसऱ्या रविवारी त्याने डाव टाकला. "आज मी मनोऱ्यावर येतो, तुझ्याबरोबर," तो म्हणाला.

"आणि बांध?"

"बांध कुठे पळून जातोय."

बायको हसली नाही. दोघं अंधुक उजेडात मनोरा चढले. पायऱ्यांवर दव होतं आणि कठडा बर्फासारखा गार. समोर पाणकणसावर धुक्याची घडी पडली होती. एक एक आवाज सुरू झाला, टिटवी, मग बेडूक, मग चांदवा पक्ष्यांचं पाण्यातलं फडफडणं. दूर उत्तरेला पहिला तपस घुमला. त्याने स्वच्छ ऐकला. दुसरा, तिसरा. दोघांची होकायंत्रं एकदमच फिरत होती. त्याला बरं वाटायला लागलं. थर्मासच्या झाकणात त्याने चहा ओतून घेतला.

बायकोने बोट वर केलं.

त्याने कान टवकारले. काही नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पश्चिमेकडे बघत होती, डोळे अर्धे मिटून, अण्णा ऐकायचे अगदी तसं. नाटक छान करते, त्याला वाटलं. आता पकडतो.

"परत ओरडला की बोट वर कर," तो कुजबुजला. "प्रत्येक वेळी."

ती मान हलवून थांबली. त्याने नजर तिच्यावरून काढून हातातल्या चहावर ठेवली, तिला आपण बघतोय असं वाटू नये म्हणून. चहा शांत होता. त्यात आभाळाचा राखाडी तुकडा दिसत होता.

मग चहावर बारीक वर्तुळं उठली. कडेपासून मध्यापर्यंत, एकामागून एक. त्याने मान वर केली. बायकोचं बोट वर होतं.

वर्तुळं विरली. बोट खाली आलं. पुन्हा वर्तुळं उठली, पुन्हा बोट वर. खालच्या पाण्यातले चांदवे पोहायचे थांबले होते आणि सगळ्यांची तोंडं पश्चिमेकडे होती. बेडूक कधी गप्प झाले ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. छातीवर कुणी तळहात ठेवावा तसा त्याला दाब जाणवला. ऐकू मात्र काहीही येत नव्हतं.

"किती सुंदर," बायको पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. "अण्णांना हा ऐकायचा होता हो."

त्या दिवशी लाल आणि पिवळा दोरा पहिल्या जागी छेदले नाहीत. दोन बोटं पुढे छेदले, मनोऱ्याच्या दिशेने.

"सरकला," पंपवाला म्हणाला. "मादी शोधतोय बहुतेक. आपल्या वहिनींवर नजर दिसते."

"पुरे तुमचा चावटपणा," बायको म्हणाली.

मोजणीदार दोऱ्यांची फुली बघत राहिला. दोन दोऱ्यांना घरटं होत नाही. घरट्याला तिसरा लागतो.

आता संशयाला जागा उरली नव्हती असं नाही. चहा मनोऱ्याच्या कापणाऱ्या फळ्यांमुळेही हलू शकतो. बायकोने पायाने फळी दाबली असेल. पंपवाल्याचा पंप पहाटे चालू असेल. त्याने पंपाची नोंदवही मागवून पाहिली; पंप बंद होता. मनोऱ्यावर एकटाच जाऊन त्याने फळ्यांवर पाय आपटून पाहिले. चहा डचमळला, पण वर्तुळं उठली नाहीत. तो रोज असं काही ना काही तपासत राहिला. घरी बायकोने सुई खाली ठेवली तरी दचकायला लागला.

"तुम्हाला काय झालंय?" तिने एकदा विचारलं. "माझ्याकडे असं चोराकडे बघतात तसं का बघताय?"

"कुठे बघतोय?"

"मला सांगायचंय का काही?"

हीच ती वेळ होती. शब्द जिभेवर आलेही. पण तिच्या मागे भिंतीवर अण्णांचं होकायंत्र खिळ्याला लटकलेलं होतं, आणि त्याने विचारलं की उद्या कार्डं पुरतील ना.

तिसऱ्या रविवारी तो परत बांधावर उभा राहिला. थंडी उतरली होती. पाणकणसाच्या बुडाशी हिरवे कोंब सुईसारखे वर आले होते, आणि बदकं निम्म्याहून कमी उरली होती. सहा तपस त्याने नीट ऐकले. कार्यालयात लाल आणि पिवळ्या दोऱ्याची फुली आता मनोऱ्याकडे नव्हती. ती पार वळून बांधाच्या बाजूला आली होती. बांधावरच्या त्याच्या खुणेपासून चार बोटं दूर.

पंपवाल्यानेही या वेळी विनोद केला नाही. "आम्हाला मोठा येतोय आवाज," तो म्हणाला. "तुम्ही तर आमच्यापेक्षा जवळ होतात. खरंच नाही येत?"

त्याच दुपारी, लख्ख उन्हात, मोजणीदाराने होडीची साखळी सोडली. तिच्या कुलपाची किल्लीही त्याच्याकडेच असायची. फुलीची जागा त्याने होकायंत्राने बरोबर गाठली. पाणी छातीएवढं होतं, तळाशी चिखल. चालत येणारा माणूस तिथे कमरेपर्यंत रुतला असता. घरटं नव्हतं, पीस नव्हतं, विष्ठा नव्हती. पण पाणकणीस एका माणसाच्या मापाने गोल दाबलेलं होतं. आणि कानाच्या उंचीवर तीन पाती एकत्र आणून त्यांना गाठ मारलेली होती.

ती गाठ त्याच्या ओळखीची होती. होकायंत्र मिळायच्या आधी, फार जुन्या काळी, अण्णा दिशा अशीच नोंदवायचे. आवाज आला की समोरच्या तीन पात्यांना गाठ मारून शेंडा आवाजाकडे वळवून ठेवायचा. उजाडल्यावर येऊन बघायचं.

बाकी सगळं पाणकणीस वाळलेलं असताना ती गाठ हिरवी होती. या आठवड्यातली. त्याने शेंड्याच्या रोखाने मान वळवली. समोर बांध होता, आणि बांधावर तो जिथे उभा राहायचा ती जागा, झिजून गवत उडालेली.

म्हणजे इथे कुणीतरी उभं राहून ऐकत होतं. त्याला.

त्याने पाती सोडवली नाहीत. तो पहिल्या जागी गेला, मनोऱ्याजवळ. तिथेही गाठ होती, आता पिवळी पडलेली. ही गाठ बायकोलाही येते, त्याने स्वतःला सांगितलं. अण्णांनीच शिकवली होती तिला. पण पात्यांभोवतीच्या चिखलावर शेवाळाची साय होती आणि ती कुठेही फाटलेली नव्हती.

पुढचे सहा दिवस त्याला घास गोड लागला नाही. त्याने मनाशी पक्कं केलं. रविवारी आकडा पाठवायचा होता. कार्डं उघडून झाली की तो सगळं सांगणार होता. पाणकणीस जावो, नोकरी जावो, बायको बोलायची थांबो. तिला वडिलांचे कान परत द्यायचे. तेवढं एकच उरलं होतं त्याच्या हातात.

रविवारी तो सगळ्यांच्या आधी बांधावर गेला. धुकं नव्हतं. पूर्वेला फिकट पट्टा होता आणि पाण्यावर एकही बदक उरलं नव्हतं.

पहिला तपस घुमला. दुसरा. सहाव्यापर्यंत त्याने सगळे लिहिले.

मग बेडूक गप्प झाले.

समोरचे नाही. त्याच्या पायाशी असलेले.

वारा नव्हता. तरी त्याच्या डाव्या हाताचं पाणकणीस हळूच बाजूला झालं, दारात कुणी उभं राहून वाट मागावी तसं, आणि मिटलं. त्याच्या पत्र्याच्या डबीतल्या टाचण्या किणकिणल्या. छातीवर तो तळहात परत आला.

तो मनातल्या मनात ते वाक्य घोळवत होता. आठवडाभर घोळवत होता. अण्णांचे कान शाबूत होते. अण्णांचे कान शाबूत होते.

उजाडलं. त्याने कार्ड पालथं घातलं आणि तो कार्यालयाकडे चालू लागला.

चहा ओतला गेला. कार्डं उलटली. सहा घरटी, सहा टाचण्या. मग बायकोने मुकाट्याने लाल दोरा ताणला, पंपवाल्याने पिवळा. दोघांचेही हात एकाच ठिकाणी येऊन थांबले.

बांधावर. निळ्या दोऱ्याची टाचणी जिथे नेहमी टोचलेली असायची, तिच्यावरच.

"तुमच्या शेजारी होता," बायको म्हणाली. "दिसला असेल तुम्हाला."

"मी सहाच लिहिलेत."

"मला तर वाटलं, आज सातवा आधी तुमच्याच कार्डावर निघेल," पंपवाला म्हणाला. तो त्याच्याकडे न बघता बोलत होता.

मोजणीदाराने कप टेबलावर ठेवला. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. खोलीत कसलाच आवाज नव्हता; खिडकीबाहेर एक परीट पक्षी पत्र्यावर शेपूट हलवत बसला होता.

"अगं," तो म्हणाला, "अण्णांचे कान शाबूत होते."

चहावर वर्तुळं उठली.

बायकोचं बोट वर गेलं. खिडकीतला परीट उडाला.

पंपवाला खुर्चीतून अर्धा उठला होता. "वहिनी," तो कुजबुजला, "हा आत आहे. खोलीत आहे."

"गप्प बसा. ऐकू दे."

मोजणीदाराने स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकला होता. शब्द न शब्द. त्याने घसा साफ केला आणि तो पुन्हा बोलला, मोठ्याने, जवळजवळ ओरडून. "सातवा नव्हताच! मी लिहिला तो. अण्णांना सगळं ऐकू येत होतं!"

खिडकीच्या काचा किणकिणल्या. नकाशावरचे दोरे थरथरले. चहा कपाच्या काठावरून बशीत सांडला.

मग सगळं थांबलं.

दोघंही त्याच्याकडे बघत होती. बायकोच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. ती उठली, त्याच्याजवळ आली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून वाकली.

"तुम्ही काही म्हणालात का?" ती मोठ्याने, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली. अण्णांशी शेवटच्या वर्षी सगळे बोलायचे, तशी. "या आवाजात काही कळलं नाही हो. तुम्हाला नाहीच ना ऐकू आला?"

ती त्याच्या ओठांकडे बघत थांबली. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

तिने आपलं कार्ड ओढून घेतलं. घड्याळ बघून वेळ लिहिली. दिशेच्या जागी क्षणभर पेन्सिल अडली, मग तिने तिथे शून्य काढलं.

"किती वेळा झालं?" तिने पंपवाल्याला विचारलं.

"दोनदा."

तिने 'दोनदा' असं लिहिलं, आणि वर पाठवायच्या कागदावर सातचा आकडा घालून तो सहीसाठी नवऱ्यापुढे सरकवला.